वळचणीच्या कुजलेल्या फळीबद्दल, चौथ्यांदा

प्रति,
अध्यक्ष साहेब, सोसायटी कमिटी

विषय: सात आणि आठ नंबरच्या छपराच्या कडेची फळी, आणि तिला कृपया परत रंग मारू नये

नमस्कार साहेब,

आधीच सांगतो, मला कोणाशी भांडायचं नाहीये. भांडायचं असतं तर पहिल्या पावसाळ्यातच भांडलो असतो. पहिलं पत्र मिळालंच नाही म्हणालात, दुसऱ्यावर "बघतो" म्हणालात, तिसऱ्यावर पेंटर पाठवलात. पेंटर पाठवलात त्यापेक्षा काहीच केलं नसतंत तर बरं झालं असतं, आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

त्याने शिडी लावली, जिथे फळी मऊ झाली होती तिथे भिंतीला लावतात ती पुट्टी थापली, वर दोन हात ऑइल पेंट मारला आणि जेवायच्या आत मोकळा. मी खालून सांगतोय अरे बाबा आधी कुजलेलं काढ, तर म्हणे साहेब मला एवढंच सांगितलंय. आता लाकूड पाणी पिऊन फुगतं, उन्हात आकसतं, पुट्टी मात्र दगडासारखी जागच्या जागी राहते, मग तिच्या कडेने केसाएवढी भेग पडते, त्यातून पाणी आत जातं आणि वरच्या रंगामुळे बाहेर यायला वाटच नाही. म्हणजे मेंटेनन्सच्या पैशातून आपण ती फळी व्यवस्थित झाकून कुजवली.

रविवारी मी स्वतः वर चढलो (मिसेस खाली शिडी धरून पूर्ण वेळ "उतरा आता" करत होत्या) आणि स्क्रूड्रायव्हर टोचला. चांगल्या लाकडात टोक जरासं जाऊन अडतं. इथे मुठीपर्यंत गेला, आवाजसुद्धा आला नाही. बाहेर काढला तर टोकाला ओला तपकिरी भुगा, ओलं पोतं महिनाभर कोपऱ्यात पडल्यावर येतो तसा वास. वर रंगाचा पापुद्रा अगदी चकचकीत आणि आत फळी नाहीच. मागच्या मीटिंगला कोणीतरी वाळवी म्हणालं आणि लगेच औषध फवारायचं ठरलं. वाळवी असती तर मातीच्या वाटा दिसल्या असत्या साहेब, इथे मातीचा कण नाही, लाकूड चौकोनी चौकोनी तडकलंय, ही बुरशी आहे. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर ही बुरशी वाढतच नाही. म्हणजे पाणी थांबवा, फवारा कशाला.

आणि पाणी कुठून येतंय ते सगळ्यांना माहितीये, फक्त बोलायचं कोणी नाही. सात नंबरची पन्हळ. तिच्यात पानांचा इतका चिखल साठलाय की मधोमध एक रोप उगवलंय, चांगलं वीतभर, मी वर जाऊन बघितलंय. एक ब्रॅकेट निखळल्यामुळे पन्हळीचा उतार पाइपाकडे जायच्याऐवजी माझ्याकडे झालाय, भरली की पाणी मागच्या बाजूने थेट फळीवर. फळी दोन्ही घरांना सलग आणि जोड नेमका माझ्या बाजूला, कापलेल्या टोकातून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, त्यामुळे पन्हळ त्यांची आणि कुजतंय माझ्याकडे. त्यांना सांगितलं तर हसून म्हणाले "माझी बाजू तर ठणठणीत आहे." हे तेच गृहस्थ जे दुपारी दोनला ड्रिल चालवतात आणि गेल्या वर्षी माझ्या गेटसमोर वाळूचा ढीग एकोणीस दिवस ठेवला होता (मी मोजलेत), पण तो विषय आत्ता काढत नाही.

ते म्हणतील मी फळीला कपड्याच्या दोरीसाठी दोन हुक ठोकलेत. हो, ठोकलेत. दोन हुकांनी सहा फूट लाकूड कुजत नसतं.

आपल्या उपविधीत छताची आणि बाहेरच्या बाजूची दुरुस्ती सोसायटीने करायची असं स्पष्ट आहे, मी अंडरलाइन करून झेरॉक्स जोडलीये. त्याच पानावर बाहेर विनापरवानगी काही ठोकू नये असंही काहीतरी आहे, त्याचा इथे संबंध नाही. पाच नंबरच्या काकूंचाही मला पूर्ण पाठिंबा आहे, सहीला गेलो तेव्हा त्या झोपल्या होत्या एवढंच. अकरा नंबरवाले म्हणाले "तुमचं बरोबर असेल", म्हणजे तेही आलेच.

तर आधी सात नंबरची पन्हळ साफ करून ब्रॅकेट आणि उतार नीट करा, ते नसेल होणार तर बाकीचं करूच नका. मग मऊ लागेल तिथपर्यंत नाही, त्याच्याही पुढे चांगल्या लाकडात जाऊन पुढच्या वाशावर फळी कापा, म्हणजे नवीन जोडाला मागे आधार मिळेल. फळी निघाली की वाशांची टोकं टोचून बघा, ती गेली असतील तर काम मोठं आहे आणि ते चार पत्रांपूर्वी छोटं होतं. नवीन फळीला चढवायच्या आधी मागून, कडांना आणि कापलेल्या टोकांना प्रायमर हवा, नुसता दिसतो तेवढा भाग नाही. कौलांखालून पन्हळीत उतरेल अशी पत्र्याची पट्टी टाका, खिळे गंज न धरणारे वापरा. अर्धा खर्च सात नंबरकडून घ्यावा, माझ्या अर्ध्याचं बघू, कारण माझ्या मते तोही त्यांचाच आहे.

आठ दिवसांत काही हललं नाही तर हे पत्र नोटीस बोर्डवर लावेन. बोर्डची काच फुटलेलीच आहे, तेही मी मार्चमध्ये कळवलं होतं.

आपला,
आठ नंबर

ता.क. सोबतच्या पिशवीत फळीचा तुकडा आहे. पिशवी मीटिंगमध्येच उघडा, आणि टेबलावर कागद पसरून उघडा.