आयुष्मान कार्ड आहे म्हणून कॅशलेस अडवल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
आरोग्य विमा विभाग

आईच्या (वय ७३) उजव्या गुडघ्याच्या सांधेरोपणासाठी रुग्णालयाने सोमवारी कॅशलेसची (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला देण्याची) विनंती पाठवली. ती अजून अडकलेली आहे. पॉलिसी ९ वर्षं अखंड चालू आहे, सांधेरोपणाची प्रतीक्षा मुदत केव्हाच संपली, ६० महिन्यांचा मोरेटोरियमही (ज्यानंतर, फसवणूक सोडता, माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही) उलटला. रुग्णालय तुमच्याच नेटवर्कमधलं आहे.

विनंती आल्यापासून एका तासात निर्णय द्यायचा, असा विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकाचा नियम आहे. तुम्ही निर्णय दिला नाही, क्वेरी काढली. पहिलीत एक्स-रे मागितला, दुसरीत जुने केसपेपर. दोन्ही त्याच दिवशी दिले. तिसरी क्वेरी अशी: ‘आयुष्मान वय वंदना कार्ड असल्यास त्याची मर्यादा संपल्याचे हमीपत्र जोडावे.’ हे कार्ड म्हणजे ७० वर्षांवरच्यांना सरकारकडून मोफत उपचारांसाठी मिळणारं कार्ड.

पॉलिसीच्या कोणत्या कलमात हे लिहिलंय, एवढंच विचारायला काल फोन केला. तिघांनी फोन पुढे ढकलला. चौथे गृहस्थ म्हणाले, "सरकार पाच लाखांपर्यंत फुकट देतंय, मग आमच्याकडून कशाला घेता?" कलम कोणतं, असं मी पुन्हा विचारलं. "कलम नाही सर, प्रोसेस आहे. आधी कार्ड वापरा, उरलेलं आम्ही देऊ." हे रुग्णालय त्या योजनेत नाही, असं सांगितल्यावर उत्तर आलं, "मग योजनेतलं रुग्णालय शोधा. आणि पटत नसेल तर पॉलिसी पोर्ट करा, दुसऱ्या कंपनीकडे न्या." मी बोलत असतानाच फोन ठेवला. नऊ वर्षं वेळेवर हप्ता भरणाऱ्या माणसाला फुकट मागणाऱ्यासारखं बोलायचं, हे तुम्ही त्यांना शिकवलंय का?

‘उरलेलं आम्ही देऊ’ यातली फसवणूक तुमच्या दावे विभागाला नीट ठाऊक आहे. आयुष्मानमध्ये उपचाराचं पॅकेज ठरलेलं असतं. खाट, शस्त्रक्रिया, इम्प्लांट, औषधं सगळं त्यात येतं, आणि त्यावर रुग्णाकडून पैसे घ्यायला रुग्णालयाला मनाई आहे. म्हणजे उरतं काय? शून्य. रुग्णालयात एकदा दाखल झाल्याचं बिल कार्ड आणि पॉलिसी यांच्यात वाटून घेता येत नाही. आधी कार्ड वापरायला लावणं म्हणजे तुमचा खर्च सरकारवर टाकणं आहे.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना हे कार्ड मिळू लागलं. तेव्हाच सरकारने स्पष्ट केलं होतं की खासगी पॉलिसी असलेल्यांनाही ते मिळेल. दोन्हीपैकी एकाची निवड करायची अट सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची), ईसीएचएस (माजी सैनिकांची) यांसारख्या सरकारी योजनांत असलेल्यांना आहे, तुमच्या ग्राहकांना नाही. दोन कंपन्यांच्या दोन पॉलिसी असल्या तरी दावा कुठे करायचा हे विमाधारक ठरवतो. हे कार्ड तर दुसरी पॉलिसीसुद्धा नाही.

शिवाय त्या कार्डाचे पाच लाख घरातल्या ७० वर्षांवरच्या सगळ्यांत मिळून असतात. वडील ७६ वर्षांचे आहेत. ती रक्कम त्यांच्यासाठी शिल्लक ठेवायची, असं आम्ही घरात ठरवलंय. दाखल होण्यापूर्वीचा खर्च आयुष्मानमध्ये ३ दिवसांचा मिळतो आणि घरी गेल्यानंतरचा १५ दिवसांचा. तुमच्या पॉलिसीत हेच ६० आणि ९० दिवस आहेत. गुडघ्याची फिजिओथेरपी १५ दिवसांत आटपत नाही. याच फरकासाठी आम्ही हप्ता भरतो.

पोर्ट करायचा सल्ला देणाऱ्याला हेही माहीत असणार की नवी कंपनी अर्ज तपासून नकार देऊ शकते. ७३ व्या वर्षी, रक्तदाब असताना आणि शस्त्रक्रिया तोंडावर असताना कोण घेणार? पोर्टेबिलिटीचा हक्क या वयात कागदावरच राहतो, म्हणून तर इतकी वर्षं तुमच्याकडे राहिलो. तुमचं नाव घेऊन मी नात्यातल्या दोघांना पॉलिसी घ्यायला लावली होती, याचं आता फार वाईट वाटतं.

हमीपत्र मिळणार नाही. तिसरी क्वेरी मागे घ्या आणि उद्या दुपारपर्यंत मंजुरी रुग्णालयाला पाठवा, शस्त्रक्रिया शुक्रवारी आहे. नाकारायचं असेल तर कलमाचा क्रमांक आणि दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी यांसह लेखी नाकारा, तोंडी प्रोसेस सांगू नका. कालच्या फोनचं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

या तक्रारीची नोंद आयआरडीएआयच्या बिमा भरोसा या तक्रार पोर्टलवर आजच केली आहे. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाईन. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीने निवाडा ३० दिवसांत पाळला नाही तर तिला तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात. तिन्ही क्वेरींच्या प्रती आणि पॉलिसीची प्रत सोबत जोडली आहे.

विमाधारकाच्या वतीने,
मुलगा