आखाजीला जायला घर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात, ख्रिस्ती मिशनच्या मुलींच्या वसतिगृहांत नेमके चालते तरी काय, असे विचारणारे एक पत्र प्रसिद्ध झाले होते. प्रश्न रास्त आहे आणि त्याविषयी पुढे लिहितेच. मात्र अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बालगृहाच्या दारातून बाहेर पडणारी आणि त्या दिवसापासून कोणाचीच नसलेली मुलगी त्या पत्रात कुठेच नव्हती. मी वारकरी घरातली, भुसावळला आयुष्यभर माध्यमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. मिशनशी माझा संबंध एवढाच, की बालगृहातून माझ्या वर्गात आलेल्या मुलींपैकी काही जणींना शेवटी छप्पर मिळाले ते तिथे.

2015 च्या बालन्याय अधिनियमाच्या कलम 46 प्रमाणे अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य 'देता येईल'. 'दिले जाईल' असे ते कलम म्हणत नाही, आणि सगळा घोळ या एका क्रियापदात आहे. 2016 च्या आदर्श नियमांनी अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, मुदत एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्यापर्यंत नेली. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत (हे मिशन सरकारी, गोंधळ नको) त्यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. आपल्या राज्याने 2018 मध्ये अनाथांना शिक्षणात व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षणही दिले. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र हवे, बँकेत खाते हवे, आधार कार्डावर पत्ता हवा. आणि हे सगळे जमवण्यासाठी चार वेळा कचेरीत सोबत येणारे एक माणूस हवे. त्या माणसाची तरतूद मला कोणत्याही शासन निर्णयात दिसलेली नाही.

माझी एक विद्यार्थिनी बालगृहातून बाहेर पडली तेव्हा तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी, बारावीची गुणपत्रिका आणि लांबच्या एका नातलग बाईचा पत्ता होता. त्या बाईंनी तिला तीन आठवडे ठेवून घेतले. पुढे एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईने तिला मायेने विचारले, "तुले कोन शे, माय?" कोणी नाही, हे तिने खरे सांगून टाकले. दोन दिवसांत सगळे ठरले: सूरतला साड्यांच्या कारखान्यात काम, राहणे-जेवण मालकाकडे, पहिल्या महिन्याचा पगार आगाऊ. सूरतला कामाला जाणे आपल्याला नवे नाही. तापीकाठच्या रेल्वेने खान्देशातले कितीतरी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिकडे पोट भरायला जात आले आहेत, त्यामुळे त्या बोलण्यात वावगे काही वाटावे असे नव्हतेच. ती माझा निरोप घ्यायला आली, तेव्हा मी स्वतः तिला पाचशे रुपये आणि दशम्या देऊन गाडीत बसवायला निघाले होते, हे लिहिताना आजही मान खाली जाते. वाटेत केवळ एक ओळखीच्या म्हणून मिशनच्या वसतिगृहातल्या सिस्टरांकडे डोकावलो. त्यांनी तिला जाऊ नकोस असे म्हटले नाही. कारखान्याचे नाव, पत्ता आणि मालकाचा फोन कागदावर लिहून घेतला, "आठ दिवस इथे राहा, मी बघून येते" एवढे बोलल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सूरतच्या गाडीत बसल्या. त्या पत्त्यावर कारखाना नव्हता. शटर बंद असलेला एक गाळा होता आणि शेजारच्या पानवाल्याने तिथे कारखाना कधी पाहिला नव्हता. एसटी स्टँडवरच्या त्या बाईंचा फोन त्यानंतर लागला नाही.

अशी मुलगी पुढे कुठे अडकलेली सापडली, की 'ती तर स्वतःच्या पायाने गेली' असे म्हणायला आपण मोकळे होतो. कायदा तसे मानत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये फसवणूक व प्रलोभन ही मानवी तस्करीचीच साधने गणली आहेत आणि पीडितेची संमती होती की नव्हती, हा मुद्दा तिथे गैरलागू ठरवला आहे.

खान्देशात याला आणखी एक पदर आहे, आणि तो उघड बोलला जात नाही. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलग्यांमागे साडेआठशेहूनही कमी मुली होत्या. ती मुले आता लग्नाच्या वयाला येत आहेत, आणि त्यांच्याआधीच्या मुलांचीही लग्ने जमत नाहीत म्हणून गावोगाव मध्यस्थ हिंडत आहेत. या मध्यस्थांच्या लेखी अनाथ मुलगी फार सोयीची. तिच्या बाजूने बोलणी करायला कोणी येत नाही, लग्नानंतर चौकशीलाही कोणी येत नाही. लाखभर रुपये घेऊन लावलेले लग्न हे लग्न की विक्री, याची शहानिशा करणार कोण? वरपक्षाकडचे लोक बालगृहाच्या कार्यालयात येऊन 'एखादी गरीब, कामसू मुलगी असेल तर सांगा' असे म्हणतात, ते मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. त्या वसतिगृहात सिस्टर सांगून आलेल्या मुलाच्या घरी स्वतः जातात, शेतीचा सात-बारा पाहतात, शेजाऱ्यांना विचारतात, विवाह नोंदणी झाल्याशिवाय मुलीला पाठवत नाहीत. बाहेर पडलेल्या प्रत्येकीचे नाव एका जाड वहीत आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला फोन जातो. लागला नाही तर माणूस जाते. मुली नर्सिंग शिकतात, शिवण शिकतात, कोणी संगणकावर काम करते. बाळंतपणाला त्या याच घरी येतात. सुटकेच्या कारवाया, छापे यांची बातमी होते. ही वही बातमीत यायची नाही, पण छाप्याची वेळच येऊ नये म्हणून जे करावे लागते ते असेच कंटाळवाणे, वर्षानुवर्षांचे काम असते.

महाराष्ट्राला ते अपरिचित नाही. पंडिता रमाबाई स्वतः दुष्काळात आईबाप गमावलेल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा भुकेल्या मुलींना अन्नाच्या आमिषाने गाठणारी माणसे त्यांनी पाहिली आणि शेकडो मुलींना सोबत घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात या मुलींना विणकाम, शेती, छापखान्याचे काम शिकवले गेले. रमाबाईंनी भाषांतरित केलेले मराठी बायबल तिथल्याच मुलींच्या हातून छापले गेले. आणि हे दुखणे आपल्या एकट्याचेही नाही. रुमानिया व युक्रेन यांच्या मधल्या मोल्दोव्हा या छोट्या देशात सोव्हिएत काळापासून मोठमोठी सरकारी अनाथालये होती. 1991 नंतरच्या गरिबीत आईबाप परदेशी मजुरीला गेल्यामुळे तिथे ठेवलेली मुलेही त्यांत पुष्कळ. सोळाव्या वर्षाच्या सुमारास बाहेर पडणाऱ्या मुलींना परदेशातल्या नोकरीचे आमिष दाखवून नेणाऱ्या टोळ्या तिथे दारातच उभ्या असत. तिथल्या 'स्टेलाज् हाऊस' या ख्रिस्ती कामाने साधी गोष्ट केली: थोड्या थोड्या मुलींना घरासारख्या घरात एकत्र ठेवले आणि शिक्षण पुरे होईपर्यंत राहू दिले. सूरत असो वा परदेश, आमिषाची भाषा तीच.

आता अशा प्रश्नांमागे असणाऱ्या धर्मांतराच्या शंकेविषयी. आसऱ्याच्या बदल्यात श्रद्धा मागणे हा निराधार मुलीच्या अगतिकतेचा फायदा घेणेच होय, मग मागणारा कोणत्याही धर्माचा असो. मी पाहिलेल्या वसतिगृहात संध्याकाळच्या प्रार्थनेला बसण्याची सक्ती नव्हती आणि आखाजीला (म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येण्याच्या आमच्या खान्देशी सणाला) मुली अंगणातल्या निंबाला झोका बांधून गाणी म्हणत, सिस्टर त्यांना झोके देत. पण मी एक वसतिगृह पाहिले आहे, सगळी नाहीत, आणि सिस्टरांचा चांगुलपणा ही काही व्यवस्था नव्हे. बालगृहांना कलम 41 खाली नोंदणी सक्तीची आहे, 2021 च्या दुरुस्तीने त्यांच्या देखरेखीत जिल्हाधिकाऱ्यांचे अधिकार वाढले. अठरा पूर्ण झालेल्या मुलींच्या वसतिगृहांवर मात्र तेवढी नजर नसते. तपासणी जरूर व्हावी, मिशनची व्हावी, धर्मादाय न्यासांची व्हावी, आश्रमांची व्हावी, आणि निकष सर्वांना एकच असावा. तपासणी करणाऱ्यांनी तेथील मुलींशी व्यवस्थापकांच्या गैरहजेरीत बोलावे, एवढी एक सूचना.

मिशनवर संशय घेणाऱ्यांनी जाता जाता एवढेही पाहावे, की त्या मुलींना दुसरे दार कोणते उघडे होते. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील बालगृहांतून गेल्या पाच वर्षांत अठरा पूर्ण करून किती मुली बाहेर पडल्या, त्यांपैकी किती जणींना दरमहाचे अनुरक्षण साहाय्य मिळाले, आणि आज त्या कुठे आहेत, हे विचारणारा माहितीच्या अधिकारातील अर्ज मी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयांत देत आहे. आपल्या तिन्ही जिल्ह्यांच्या वार्ताहरांनीही हाच प्रश्न विचारावा आणि आलेली उत्तरे, ती कशीही असली तरी, आखाजीच्या आधी छापावीत, अशी विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, भुसावळ