सहा महिने गप्प होतो

मित्रा,

सहा महिने तुझे फोन उचलले नाहीत, राग धरू नकोस. मी बरा आहे, बीपीची गोळी चालू आहे.

धाकटा कोकेन घेतोय. परवा त्याच्या पाकिटात घडी घातलेला कागद सापडला, घडीत पांढरी पूड. विचारलं तर रडायलाच लागला. आता दिवसभर झोपतो आणि उठला की भिंतीकडे तोंड करून बसतो. डॉक्टर म्हणाले, सोडल्यावर असं होतंच, पण या दिवसांत जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात, एकटं सोडू नका. रात्री मी त्याच्या दाराशी अंथरूण टाकतो.

व्यसनमुक्ती केंद्रांना फोन करून थकलो. एक जण म्हणाला, 28 दिवसांत शंभर टक्के गॅरंटी. मी पैसे भरायलाच निघालो होतो रे! सहज विचारलं, घरी आल्यावर पुढे काय? म्हणे, पुढचं त्याच्या इच्छाशक्तीवर. दुसऱ्याकडे म्हणे तलफ मारणारी हमखास गोळी होती. कोकेनच्या व्यसनावर मंजूर झालेलं औषध अजून एकही नाही, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. उपयोग होतो तो समुपदेशनाचा, आणि लघवीची तपासणी स्वच्छ आली की दर वेळी मिळणाऱ्या छोट्या बक्षिसाचा.

बक्षीस म्हटल्यावर तूच आठवलास. तुझ्या दादाला तू तसं द्यायचास, तेव्हा मी म्हणालो होतो, "कुक्कुलं बाळ आहे का तो? कोंडून घाल." चार महिने बोलला नाहीस माझ्याशी. चुकलो रे. कोकेनवर सगळ्यात जास्त पुरावा त्याच उपायाच्या बाजूने आहे म्हणे.

शेवटी एक जागा पटली. तिथल्या बाईंनी पैशांचं नाव काढण्याआधी तासभर त्याच्याबद्दलच विचारलं. दारूही पितो का, हेसुद्धा. दोन्ही एकत्र गेलं की शरीरात कोकाइथिलीन बनतं आणि हृदयाला धोका वाढतो, म्हणून दोन्हींवर उपचार एकदमच. तीन महिने तिथे, मग वर्षभर दर आठवड्याला भेट, घरच्यांनीही यायचं. "पुन्हा घेतलं तर?" मी विचारलं. "हाकलणार नाही, उपचार बदलू." तिथेच मी ठरवलं.

नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. वहिनींना नमस्कार.

सोमवारी त्याला घेऊन जातोय. त्याआधी फोन कर. पहाटे पाचला उठवून "झोपलायस का?" विचारायची तुझी खोड आता चालेल, मी जागाच असतो. एकच विचारायचंय. दादा पहिल्यांदा घसरला, त्या रात्री तू त्याला काय म्हणालास?

तुझाच