सूचना : डिस्चार्ज बुकातली राहिलेली पदके

सर्व माजी सैनिक सभासद व वीरपत्नींना नमस्कार.

आपापले डिस्चार्ज बुक (सेवा संपताना मिळालेले नोंदींचे पुस्तक) काढून पदकांचे पान एकदा नीट वाचा. 1971 च्या लढाईत प्रत्यक्ष आघाडीवर असलेल्या काहींच्या पानावर फक्त संग्राम मेडल (त्या वेळी सेवेत असलेल्यांना मिळालेले) आहे. पूर्व आघाडीचा ‘पूर्वी स्टार’ किंवा पश्चिम आघाडीचा ‘पश्चिमी स्टार’ यांची नोंदच नाही. 1965 च्या लढाईतल्यांनी समर सेवा स्टारची नोंद पाहावी. लढाईत जखमी झालेल्यांनी पराक्रम पदकाची नोंद तपासावी, ती हमखास राहून जाते.

दुरुस्ती आपल्या रेकॉर्ड ऑफिसातच (सैनिकांच्या नोंदी ठेवणारे कार्यालय) होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे (लष्करी अभियंत्यांचा गट) इथेच खडकीत. अर्जात सैनिक क्रमांक, त्या वेळची युनिट आणि लढाईचे ठिकाण स्पष्ट लिहा. “मी युद्धात होतो” एवढ्यावर काही हलत नाही. जखमी असल्यास हॉस्पिटलचे जुने कागद जोडा. मूळ बुक पाठवू नका, झेरॉक्स पाठवा, तीही स्पीड पोस्टाने.

अर्ज लिहायला मदत हवी असेल त्यांनी रविवारी सकाळी दहाला कार्यालयात यावे. येताना पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर) आणावा. चष्माही आणा, जुनी शाई फार फिकट झाली आहे.

– सचिव