ड्रॅग रेसच्या निकालाची पावती हातात द्या

महोदय,

धुळ्यात माझं दुचाकीचं गॅरेज आहे. भाचा ड्रॅग रेस खेळतो, म्हणजे सरळ ट्रॅकवर दोन गाड्यांची शर्यत. त्याची गाडी मीच तयार करतो. मागच्या महिन्यात त्याला घेऊन बाहेरच्या जिल्ह्यात एका स्पर्धेला गेलो होतो. उपांत्य फेरीत तो जिंकल्याचं माइकवरून जाहीर झालं आणि दहा मिनिटांनी त्याच माइकवरून सांगितलं : जंप स्टार्ट (हिरवा दिवा लागायच्या आत सुटणं), बाद. त्याच्या लेनचा लाल दिवा लागलाच नव्हता. विचारायला गेलो, तर म्हणे स्टार्टला उभ्या असलेल्या माणसाने पुढचं चाक हललेलं पाहिलं. पोरगा हेल्मेट काढून एवढंच म्हणाला, ‘मामा, हिरवा लागना तव्हयच मी निंघनू.’

चाक हललं म्हणून जंप होत नाही. पुढचा टायर स्टार्टला जमिनीलगतच्या सेन्सरच्या प्रकाशकिरणात उभा असतो. किरण अडलेला आहे तोवर टायर बोटभर सरकला तरी चालतो. हिरवा लागायच्या आत तो किरणाबाहेर पडला, तर यंत्रच लाल दिवा लावतं. झेंडेवाल्याच्या नजरेवरून भांडणं व्हायची, म्हणून तर अमेरिकेत 1963 मध्ये दिव्यांचा खांब उभा राहिला. आपल्याकडे खांबही आहे आणि वर पुन्हा माणसाची नजरही!

दुपारी यंत्र बंद पडलं तेव्हा दोन फेऱ्या हातातल्या स्टॉपवॉचवर उरकल्या. ताशी 160 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 44 मीटर जाते. बटण दाबायला दोन दशांश सेकंद मागेपुढे झाले, तर फरक जवळजवळ 9 मीटरचा पडतो. कोणत्या हिशेबाने पहिला-दुसरा ठरवला?

प्रेक्षकांचाही एक गैरसमज असतो. 402 मीटरच्या पूर्ण अंतराचा वेळ ज्याचा कमी, तोच जिंकला असं त्यांना वाटतं आणि आरडाओरडा सुरू होतो. पण ते घड्याळ चाक सुटल्यावर चालू होतं, हिरवा लागल्यावर नाही. तीन दशांश उशिरा निघालेला पोरगा दोन दशांशाने वेगात पळाला, तरी रेषेवर मागेच राहतो. हे सगळं पावतीवर छापून येतं : प्रतिक्रियेचा वेळ, पहिले 60 फूट, पूर्ण अंतर, वेग. आम्ही पावती मागितली, तर प्रिंटर बंद असल्याचं सांगितलं. लेखी हरकत घ्यायला गेलो, तर अर्धा तास उलटला म्हणाले. आंतरराष्ट्रीय नियमात तो अर्धा तास निकाल फलकावर लागल्यापासून मोजतात. इथे फलकावर कागदच लागला नव्हता.

यात्रेतल्या कुस्तीत पाठ मातीला लागली की चारही बाजूंनी लोकांना दिसते. हरलेला पैलवान अंग झटकून गुमान निघून जातो. हजारांश सेकंद मात्र कुणालाच दिसत नाही, त्याला साक्षीदार तो कागदच.

हा पोरगा आधी मित्रांसोबत रात्री हायवेवर गाड्या पळवायचा. समजावून, रागावून मी त्याला ट्रॅकवर आणलं. पुढच्या स्पर्धेचा फॉर्म गॅरेजच्या टेबलावर आठ दिवसांपासून कोरा पडलाय.

आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही स्पर्धकांना पावती द्या आणि निकाल वेळ टाकून फलकावर लावा. यंत्र बंद पडलं तर स्पर्धा थांबवा, पोरं थांबतील.

– एक गॅरेजवाला, धुळे