‘कंद’ एक, कुळे अनेक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत, शब्दांविषयीच्या सदरात, ‘गुलकंद’ हा शब्द ‘गूळ’ आणि ‘कंद’ या दोन मराठी शब्दांपासून झाला, असे ठामपणे लिहिले आहे. उसाच्या आणि गुळाच्या आमच्या सांगली जिल्ह्यात ही व्युत्पत्ती चटकन पटण्यासारखी असली, तरी ती खरी नाही. आणि अशी सदरे शाळांच्या फळ्यांपर्यंत जात असल्यामुळे तिची दुरुस्ती व्हावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘गुलकंद’ हा फारसी शब्द आहे. ‘गुल’ म्हणजे फूल, त्यातही गुलाब, आणि ‘कंद’ म्हणजे साखर. गुलाबाच्या पाकळ्या आणि खडीसाखर यांचे थर बरणीत भरून जे उन्हात मुरवतात, त्यांना हे नाव किती नेमके आहे ते वेगळे सांगायला नको. मात्र हा फारसी ‘कंद’ मुळात आपल्याकडूनच गेलेला आहे. संस्कृतात ‘खण्ड’ म्हणजे तुकडा, आणि त्यावरून उसाच्या रसाची खडे धरलेली साखर. ‘खांडसरी’त तो शब्द आजही टिकून आहे, आणि गुजरातीत तर साखरेलाच ‘खांड’ म्हणतात. इराणात त्याचा ‘क़ंद’ झाला, आणि चहा पिताना तोंडात धरायच्या साखरेच्या खड्याला तेथे आजही हेच नाव आहे. पुढे तोच अरबीत आणि तेथून युरोपात पोचून फ्रेंचमार्गे इंग्रजीत ‘कँडी’ झाला. ‘गुलकंद’ शुद्ध मराठी ठरवण्याच्या ओढीत आपण आपल्याच शब्दाचा हा एवढा मोठा प्रवास पुसून टाकतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुन्या इंग्रजी व्यापारी कागदपत्रांत आणखी एक ‘कँडी’ आढळते. तिचा मिठाईशी संबंध नाही; ती म्हणजे आपली वीस मणांची खंडी.

‘कंदमुळे’ या शब्दातला, सुरण आणि रताळे यांच्या जातीचा कंद संस्कृत ‘कन्द’ आहे आणि साखरेच्या कंदाहून तो अगदी वेगळा आहे. हिंदीत रताळ्याला ‘शकरकंद’ म्हणतात, तेव्हा तेथे जमिनीतला कंद अभिप्रेत आहे असे कोणालाही वाटेल. पण उर्दूत तो शब्द साखरेच्या ‘क़ंद’चेच अक्षर घालून लिहितात, इतके हे दोन शब्द एकमेकांत मिसळले आहेत. ‘समरकंद’ या नावातील ‘कंद’ तिसराच. मध्य आशियातील जुन्या सोग्दी भाषेत त्याचा अर्थ नगर, आणि ताश्कंदमध्येही तोच आहे. आपला ‘कंदील’ अरबीतून आला आणि त्याचे मूळ मेणबत्तीसाठी असलेल्या लॅटिन शब्दात आहे. तेव्हा त्याचे नाते इंग्रजी ‘कँडल’शी जुळते, ‘कँडी’शी नाही.

यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. आमच्याच जिल्ह्यातील जत तालुक्यात कन्नड बोलणारी आई आपल्या लेकराला ‘कंद’ म्हणून हाक मारते. तेथे तो शब्द द्राविडी आहे, आणि त्याचा अर्थ बाळ. त्याच कन्नडमध्ये ‘कंद’ नावाचे एक वृत्तही आहे; पंप आणि रन्न या महाकवींनी ते वापरले आणि त्याचे नाव प्राकृतातील स्कंधक वृत्तावरून आले. म्हणजे एकाच भाषेत, एकाच उच्चाराचे, दोन निराळ्या कुळांतले शब्द शेजारी शेजारी नांदत आहेत.

उच्चार सारखा म्हणून नाते एक, हे गृहीत धरूनच आपल्या सदरातील चूक झाली आहे. एखादा शब्द मराठीत कोणत्या भाषेतून आला, त्या भाषेत त्याचा अर्थ काय होता आणि मधल्या वाटेवर त्याचे रूप कसे बदलले, एवढे तीन प्रश्न विचारल्याशिवाय व्युत्पत्ती छापू नये, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी साधने नाहीत असेही नाही. माधवराव पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश १९२५ पासून आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ पासून अभ्यासकांच्या हाताशी आहे. येत्या रविवारी त्याच सदरात, त्याच जागी, ‘गुलकंद’ची दुरुस्ती छापावी, म्हणजे ज्यांनी मूळ मजकूर वाचला त्यांच्यापर्यंत ती पोचेल.

आपला नम्र,
एक वाचक, मिरज (जि. सांगली)