गाडीच्या विम्याबद्दल, आई-बाबांना

रॉयटलिंगन, जर्मनी, १४ मार्च

ती. बाबांस आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर विम्याचा आकडा सांगितला आणि बाबा, तुम्ही एकदम गप्प झालात. मग म्हणालात, “लाखभर रुपये नुसत्या विम्याचे? आठ वर्षं जुन्या गाडीला?” तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय राजगिऱ्याच्या लाडवांवर गेला. पण तुमचा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायलाच बसले. वर्षाचे १,१२० युरो मी का भरले, ते तुम्हांला नीट कळायला हवं.

गाडी तुम्ही फोटोत पाहिलीच आहे. स्कोडा फाबिया, ऑटोमॅटिक. क्लच नसलेली मुद्दाम घेतली, त्याचं कारण पत्राच्या शेवटी येईल.

माझ्या ऑफिसातला एक सहकारी हीच गाडी याच गावात चालवतो आणि ३८० युरो भरतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार लागलं. वाटलं, परदेशी म्हणून मला जास्त लावतात. तसं नाहीये. आपल्याकडे थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर लागणाऱ्या विम्याचा, दर सरकार ठरवतं, इंजिनाच्या सीसीवर; मालक कोण, कसा चालवतो, याने त्यात काही फरक पडत नाही. इथे तोच भाग कंपनी ठरवते आणि त्यासाठी सगळं विचारते: गाडीचं मॉडेल, जिल्हा, वर्षाला किती किलोमीटर, गाडी रात्री कुठे उभी असते, कोण कोण चालवणार. आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, अपघाताशिवाय किती वर्षं काढली.

तुमच्या पॉलिसीवर ५० टक्के एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, आहे. पाच वर्षं क्लेम केला नाही की आपली ती शिडी संपते. इथली शिडी पस्तीस पायऱ्यांची, काही कंपन्यांकडे त्याहूनही लांब. बिनक्लेमचं एक वर्ष गेलं की एक पायरी वर, आणि हप्ता खाली. माझा सहकारी अठराव्या पायरीवर उभा आहे आणि मी सुरुवातीला शून्यावर. तुमची वॅगनआर मी सात वर्षं चालवली, कॉलेजला, मग वाळूजच्या नोकरीला, पण कागदावर पॉलिसी तुमची होती. माझ्या नावावर एक दिवसही नाही. तरी तीन कंपन्यांना पत्रं लिहिली, आरटीओच्या लायसन्सची प्रत जोडली. दोघांनी नाही म्हटलं. तिसरीने लायसन्स तीन वर्षांपेक्षा जुनं आहे एवढं मान्य केलं आणि शून्याऐवजी अर्ध्या पायरीवर घेतलं. ‘अर्धी पायरी’ असं खरंच लिहिलेलं असतं. तेवढ्यानेही बराच फरक पडला. इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगते, मराठी मंडळातल्या मुलांनाही, की विचारायला लाजू नका आणि एकाच कंपनीच्या नकारावर थांबू नका.

लायसन्सचं तुम्हांला माहीत आहे. राहायला आल्यावर सहा महिने आपलं चालतं, मग इथली लेखी आणि गाडीवरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पास झाल्यावर गाडी नावावर करायला गेले, तेव्हा खिडकीवर पहिलं विचारलं ते विम्याचं. कंपनीकडून सात अक्षर-आकड्यांचा एक कोड येतो. तो नसेल तर गाडी रस्त्यावर येतच नाही. कोड दिला, शेजारच्या दुकानातून नंबर प्लेट ठोकून आणली, त्यावर शिक्का चिकटवला, आणि मग किल्ली फिरवली.

आता पैसे कशाचे भरले ते. सगळ्यांत स्वस्त पॉलिसी ७९० युरोंना मिळत होती. तिच्यात दुसऱ्याच्या इजेसाठी कायद्याने सांगितलेली किमान रक्कम होती, ७५ लाख युरो. ऐकायला प्रचंड वाटते. पण एखाद्या तरुण माणसाला जन्मभर खिळून ठेवणारी इजा झाली, त्याचा पगार, त्याची शुश्रूषा, घरात करावे लागणारे बदल, हे चाळीस वर्षांचं धरलं आणि अशी दोन-तीन माणसं एकाच गाडीत असली, तर ती रक्कम पुरेलच असं नाही. १० कोटी युरोंचं कव्हर त्याहून थोड्याच पैशांत मिळतं. ते घेतलं, आणि त्यावर एक क्षणही घासाघीस केली नाही.

स्वतःच्या गाडीसाठी इथे दोन प्रकार आहेत. फोलकास्को म्हणजे आपलं कॉम्प्रिहेन्सिव्ह. ते घेतलं नाही. एवढ्या जुन्या गाडीला माझ्या पायरीवर ते परवडत नाही, आणि चूक माझी असेल तर माझी गाडी मीच दुरुस्त करीन. टाइलकास्को मात्र घेतलं: चोरी, आग, वादळ, गारा, काच, जनावर.

गारा वाचून आई म्हणेल, गारांचा कसला विमा? २८ जुलै २०१३ ला, रविवारी, याच गावात अंड्याएवढ्या गारा पडल्या. माझ्या घरमालकीणबाई अजून तो दिवस सांगतात: काही मिनिटांचा मारा, कौलं फुटली, गल्लीतली एकही गाडी धड राहिली नाही, टपावर जणू कुणी हातोड्याने ठोके दिले. जर्मनीत विमा कंपन्यांना सगळ्यांत महाग पडलेल्या वादळांमध्ये त्या दिवसाची गणना होते.

आणि जनावर. मागचे डोंगर ओलांडून ऑफिसला जाताना पहाटे हरणं आडवी येतात. इथे मला एका सहकारी बाईंनी शहाणं केलं. त्या म्हणाल्या, कलम वाच, काही पॉलिसींत ‘केसाळ रानजनावर’ एवढंच असतं. म्हणजे हरीण, रानडुक्कर, कोल्हा चालेल. पण कुणाची गाय किंवा घोडा सुटून आला तर पैसे नाहीत. म्हणून मी ‘सर्व प्राणी’ असं स्पष्ट लिहिलेली घेतली. मुंगसासारखा एक प्राणी असतो, मार्डर म्हणतात. तो रात्री बॉनेटखाली शिरून वायरी कुरतडतो. वायर स्वस्त असते, पण त्यापायी इंजिन बिघडलं तर खर्च मोठा. म्हणून ‘पुढचं नुकसान’सुद्धा धरलेलं आहे ना, ते बघून घेतलं.

पण बाबा, खरं कारण हे नाहीच.

कागद वाचत होते त्या आठवड्यात मला सारखा २००६ आठवत होता. जालना रोडवरचा तो टेम्पो. मी दहावीत होते. तुमच्या डाव्या पायात रॉड घातला त्या दिवशी आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या, आणि आईने घरी येऊन मला फक्त “जेवलीस का” एवढंच विचारलं. मग कळलं की टेम्पोचा विमा दोन महिन्यांपूर्वीच संपला होता. तुम्ही पाच वर्षं तारखांना गेलात, रजा टाकून, काठी टेकत. निकाल तुमच्या बाजूने लागला. टेम्पोवाल्याकडे द्यायला काहीच नव्हतं. तो निकालाचा कागद अजून लोखंडी कपाटात आहे, मला माहीत आहे.

इथला कायदा वाचताना मी एका जागी थांबले. विम्याचा हप्ता चुकला आणि पॉलिसी रद्द झाली, तरी कंपनीने ते नोंदणी कार्यालयाला कळवल्यापासून एक महिना जखमी माणसासाठी जबाबदारी कंपनीचीच राहते. त्या महिन्यात कार्यालय गाडी शोधून तिच्या प्लेटवरचा शिक्का काढतं. आणि तरीही बिनविम्याच्या गाडीने कुणाला उडवलं, तर विमा कंपन्यांनी मिळून चालवलेली एक संस्था आहे, फेरकेअर्सऑप्फरहिल्फे, ती पैसे देते. चालक दारू प्यायलेला असला तरी कंपनी आधी जखमीला देते आणि नंतर चालकाकडून ५,००० युरोपर्यंत वसूल करते. जखमीने कंपनीकडे थेट मागायचं, टेम्पोवाल्याच्या दारात उभं राहायचं नाही. हे वाचून मी खूप वेळ तशीच बसून होते.

म्हणूनच इथल्या काही ओळखीच्यांचा सल्ला मी ऐकला नाही. ते म्हणत, वरच्या पायरीवरच्या एखाद्या मित्राच्या नावावर गाडी लाव आणि चालवणारा तोच असं लिही, निम्म्या पैशांत होईल. मला ते जमत नाही. फॉर्मवर मी खरं तेच लिहिलं: चालवणारी मी, वर्षाला १२,००० किलोमीटर, गाडी रस्त्यावर उभी.

आता तुमचं. जूनमध्ये तुम्ही दोघं येताय, आणि बाबा, तुम्हांला इथे एकदा तरी गाडी चालवायची आहे हे आईने मला हळूच सांगितलं आहे. वॅगनआरच्या क्लचने संध्याकाळी तुमचा पाय ठणकतो. म्हणून ऑटोमॅटिक. फिरायला आलेल्याला आपल्या लायसन्सवर इथे चालवता येतं, सोबत जर्मन भाषांतर लागतं. ते एडीएसीकडून, म्हणजे इथल्या मोटारचालकांच्या क्लबकडून, करून घेईन. पण चालकांमध्ये तुमचं नाव कंपनीला आधी कळवायला हवं. न कळवता चालवली तर जखमीला पैसे मिळतील, पण कंपनी मागचा फरक आणि वर दंड माझ्याकडून घेईल. मी विचारलं, तुमच्या वयामुळे सहा आठवड्यांचे थोडे जास्त पडतील. मी भरणार आहे, त्यावर वाद घालू नका.

लायसन्सचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मूळ लायसन्स पासपोर्टच्या पाकिटातच ठेवा. आणि जन्मतारीख कळवा. घरी आपण दत्तजयंतीला तुमचा वाढदिवस करतो, पण शाळेत गुरुजींनी १ जून घातली होती असं आजी सांगायची. लायसन्सवर कोणती आहे? जी असेल तीच मला फॉर्मवर घालायची आहे.

तुमची लेक